साहेब गेले, पेन्शन कोण देणार?

२०२३ च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आणली आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्यात, निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये फरक करण्याचा आपला अधिकारही पक्का करून घेतला. तेव्हापासून पेन्शनवर चार माणसं बोलायला बसली की एक शंका निघतेच: सरकार आज ‘देऊ’ म्हणतंय खरं, पण तीस वर्षांनी ही योजना, हे नियम आणि या रुपयाची किंमत यातलं काय शिल्लक असेल?

विसाव्या शतकात ही शंका हजारो सरकारी अधिकाऱ्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली. ब्रिटिश साम्राज्याच्या वसाहतींत त्यांनी आयुष्य नोकरीत घालवलं, आणि निवृत्त झाल्यावर, काहींच्या बाबतीत निवृत्त होण्याच्या आधीच, ज्या सरकारने पेन्शनचा शब्द दिला होता ते सरकारच उरलं नाही. मग त्यांची पेन्शन कोणी द्यायची? नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने की लंडनने? त्यावरून दोन दशकं ओढाताण चालली. त्या ओढाताणीतून जे नियम तयार झाले, त्यांच्यामुळे आज पुण्यात राहणाऱ्या एखाद्या निवृत्त डॉक्टरच्या खात्यात किती पौंड जमा होतात हे ठरतं. आणि ‘आपण अजून गोऱ्या साहेबांची पेन्शन भरतोय का?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळतं. उत्तर ‘नाही’ असं आहे, पण भरली मात्र होती, आणि तीही रोख.

पेन्शन ही मेहेरबानी की मजुरी?

भारतात या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नसून केलेल्या सेवेचा मागाहून मिळणारा मोबदला आहे. निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात तो त्यामुळेच.

ब्रिटिश वसाहतींत चित्र वेगळं होतं. तिथल्या पेन्शन कायद्यांमध्ये एक कलम ठरलेलं असायचं: कोणत्याही अधिकाऱ्याला पेन्शनचा निरपवाद हक्क असणार नाही. व्यवहारात पेन्शन मिळायची, सगळे तिच्यावर विसंबून असायचे. कागदावर मात्र ती सरकारच्या मर्जीवर होती. साम्राज्य भक्कम होतं तोवर या कलमाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

पेन्शनची खरी किंमत महिन्याच्या आकड्यावरून कळत नाही. ती तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. देणार कोण? कोणत्या चलनात देणार? आणि महागाई वाढली की रक्कम वाढणार का? पुढची सगळी हकिकत या तीन प्रश्नांभोवतीच फिरते.

नेमणूक लंडनची, तिजोरी वसाहतीची

केनियात जिल्हाधिकारी, मलायात पाटबंधारे अभियंता, नायजेरियात डॉक्टर म्हणून जाणाऱ्या तरुणाची निवड लंडनमध्ये होई. वसाहत खात्याचा मंत्री त्याची नेमणूक मंजूर करी, बदली आणि बढतीचे नियमही लंडनच ठरवी. पण पगार द्यायचा तो त्या वसाहतीच्या तिजोरीतून, आणि पेन्शनही तिथूनच. म्हणजे केनियातल्या झोपड्यांवरच्या आणि आयात मालावरच्या करातून. ब्रिटिश करदात्याच्या खिशाला हात लागत नव्हता. १९५४ मध्ये या ‘वसाहत सेवे’चं नाव बदलून ‘हर मॅजेस्टीज ओव्हरसीज सिव्हिल सर्व्हिस’, म्हणजे राणीची परदेशी नागरी सेवा, असं ठेवण्यात आलं. नाव राणीचं असलं तरी पगारपत्रक वसाहतीचंच राहिलं.

हे आपल्या शहरांतल्या गृहनिर्माण सोसायट्यांना चटकन कळेल. समजा बिल्डरने इमारत बांधली, देखभालीला एक मॅनेजर नेमला आणि त्याला सांगितलं, ‘वीस वर्षं सांभाळ, मग दरमहा अमुक इतके मिळतील.’ मॅनेजरने बिल्डरच्या बाजूने कारभार केला; रहिवाशांवर अरेरावीही केली, प्रसंगी त्यांनाच गेटवर अडवलं. मग सोसायटी स्थापन झाली. बिल्डर जाताना म्हणाला, ‘मॅनेजरची पेन्शन आता तुमच्याकडे.’ रहिवासी म्हणणार, ‘आम्ही कुठे नेमला होता त्याला?’ मॅनेजर म्हणणार, ‘मी वीस वर्षं काम केलं, मला दिलेल्या शब्दाचं काय?’ इथे मॅनेजर आणि रहिवासी दोघांचंही म्हणणं रास्त आहे. मधून अंग काढून घेतलं ते बिल्डरने. या सगळ्या वादात माझं मत हेच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: अधिकाऱ्याचा हक्क खरा होता, पण बिल चुकीच्या पत्त्यावर जात होतं.

भारताने हे कसं निभावलं?

वसाहत सेवेत भारत नव्हता. इथे आयसीएस, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस, ही वेगळी आणि जास्त मानाची सेवा होती. तिची पेन्शन प्रसिद्ध होती: पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला १००० पौंड, हुद्दा कोणताही असो. ती बहुतेक वेळा इंग्लंडमध्ये खर्च व्हायची, पण यायची भारताच्या महसुलातून. भारत सरकार लंडनमध्ये जो खर्च करी त्याला ‘होम चार्जेस’ म्हणत. त्यात कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांची हमी, इंडिया ऑफिसचा, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याचा, खर्च होता, आणि रजेवरच्या व निवृत्त अधिकाऱ्यांची देणीही होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडला त्यात या पेन्शनींना महत्त्वाची जागा होती. त्यांचा मुद्दा केवळ पैशांचा नव्हता. अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी गेला की त्याच्याबरोबर आयुष्यभराचा अनुभवही देशाबाहेर जातो, असं ते म्हणत. भारताच्या खर्चाची चौकशी करायला नेमलेल्या वेल्बी आयोगावर दादाभाई स्वतः सदस्य होते, आणि १८९७ मध्ये पुण्याहून गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच आयोगापुढे साक्ष दिली.

चलनाचा प्रश्न इथे उघडा पडतो. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. २० शिलिंगांचा एक पौंड. त्या भावाने १००० पौंडांची पेन्शन भारताला १०,००० रुपयांना पडायची. पुढे चांदीचे भाव घसरले, रुपया घसरला, आणि एकोणिसावं शतक संपताना तो एक शिलिंग चार पेन्सवर बांधला गेला. त्याच साहेबाच्या त्याच १००० पौंडांसाठी आता १५,००० रुपये मोजावे लागत होते. साहेबाला एक पैही जास्त मिळाली नाही. वरचे पाच हजार इथल्या शेतसाऱ्यातून गेले. पेन्शन कोणत्या चलनात लिहिली आहे, यावर चलन घसरण्याचा धोका कोणाच्या डोक्यावर बसणार हे ठरतं. इथे तो भारताच्या डोक्यावर होता. पुढे आफ्रिकेत तो पेन्शनरच्या डोक्यावर यायची भीती होती.

१९४७ नंतर हिशेबाची वेळ आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून माल आणि सैन्य घेतलं, त्याचे पैसे लगेच दिले नाहीत; भारताच्या नावे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवले. यांनाच ‘पौंड शिलकी’ म्हणतात. इकडे त्या जमेवर रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या, महागाई भडकली आणि बंगालच्या दुष्काळाला त्या महागाईचाही हातभार लागला. म्हणजे या शिलकी उपासमार सोसून साठलेल्या होत्या. १९४८ च्या जुलैमध्ये करार झाला तेव्हा त्या सुमारे ११६ कोटी पौंडांच्या घरात होत्या. त्यातले १६ कोटी ८० लाख पौंड भारताने ब्रिटनला एकरकमी दिले, ते ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पौंडातल्या पेन्शनींसाठी. त्या रकमेच्या बदल्यात ब्रिटनने दरवर्षी उतरत्या क्रमाने पैसे पुरवायचे आणि त्यातून पेन्शनी भागवायच्या, अशी ती व्यवस्था होती. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. ते स्वतः आयसीएस होते, हे इथे लक्षात आल्याशिवाय राहत नाही. पुढे १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेशातल्या या पेन्शनींचा कायदा केला आणि पैसे देण्याची जबाबदारी थेट ब्रिटनकडे गेली.

तेव्हा ‘आजही भरतोय का’चं उत्तर हे असं आहे. भारताने स्वतःच्या लंडनमधल्या शिलकीतून हा विषय एकदाच मोकळा केला. शिलकी होत्या म्हणून ते जमलं. ज्यांच्याकडे अशी शिल्लक नव्हती, त्यांचं काय झालं ते आता बघू.

आफ्रिकेत बिल कोणाच्या नावावर फाडलं गेलं?

घाना १९५७, नायजेरिया १९६०, टांगानिका १९६१, युगांडा १९६२, केनिया १९६३. प्रत्येक स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटनने नव्या देशाशी ‘सरकारी अधिकाऱ्यांचा करार’ केला. त्यात दोन गोष्टी असत. एक, जुन्या अधिकाऱ्यांची पेन्शन नवं सरकार देत राहील आणि अटी पूर्वीपेक्षा वाईट करणार नाही. दोन, ज्या अधिकाऱ्याची कारकीर्द स्वातंत्र्यामुळे मध्येच तुटते त्याला एकरकमी नुकसानभरपाई मिळेल. भरपाईचं कोष्टक वयावर होतं आणि सर्वांत मोठी रक्कम चाळिशीच्या आसपासच्या माणसाला मिळे. त्यामागचा हिशेब सरळ होता: पंचविशीतला माणूस दुसरी नोकरी शोधेल, पंचावन्नचा तसाही निवृत्तीला आलेला, चाळिशीतला जिल्हाधिकारी मात्र घरी परतून काय करणार? आफ्रिकेतला जिल्हा चालवायचा अनुभव इंग्लंडमध्ये कोणाला हवा होता!

हा खर्च नव्या देशांना झेपणारा नव्हता, हे लंडनलाही ठाऊक होतं. मग ब्रिटन त्यांना त्यासाठी कर्ज देई. म्हणजे नवा देश ब्रिटनकडून व्याजावर पैसे घेणार, ते ब्रिटनला परतलेल्या अधिकाऱ्यांना देणार, आणि पुढची वीस वर्षं ते कर्ज फेडत राहणार. या सगळ्याची नोंद ‘विकास साहाय्य’ या मथळ्याखाली व्हायची. हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात लेखणी असली की काय काय करता येतं!

१९६८ मध्ये टांझानियाने, म्हणजे पूर्वीच्या टांगानिकाने, हे मोडलं. अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारने जाहीर केलं की स्वातंत्र्यापूर्वीच्या सेवेची पेन्शन यापुढे आम्ही देणार नाही. ते अधिकारी वसाहतवादी सरकारची चाकरी करत होते, त्यांचं देणं त्या सरकारने द्यावं. स्वातंत्र्यानंतर जे ब्रिटिश अधिकारी टांझानियाच्या नोकरीत राहिले, त्यांच्या त्या काळाच्या पेन्शनीबद्दल न्येरेरेंची तक्रार नव्हती. ही विभागणी मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. ब्रिटनने करारभंगाचा आरोप करून टांझानियाची मदत थांबवली आणि तूर्त स्वतः पैसे देऊन पेन्शनरांना सांभाळून घेतलं.

दोनच वर्षांनी, १९७० च्या मार्चमध्ये, ब्रिटिश सरकारने जवळजवळ न्येरेरेंचंच म्हणणं धोरण म्हणून जाहीर केलं: स्वातंत्र्यापूर्वीच्या सेवेपोटी आपल्या परदेशी अधिकाऱ्यांना द्यायच्या पेन्शनींचा भार आपण उचलू. १९७३ च्या ओव्हरसीज पेन्शन्स कायद्याने त्याला चौकट मिळाली आणि त्या दशकात एकेका देशाशी करार होत गेले. न्येरेरेंनी भांडण उकरलं नसतं तर हे इतक्या लवकर झालं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

पैसे मिळत होते, मग तक्रार कसली?

इथे वाचकाला वाटेल की सोडवणूक झाली. पण तिसरा प्रश्न शिल्लक होता, महागाईचा. तिथेच निवृत्तांचा खरा जीव अडकला होता.

आपल्याकडे सहा महिन्यांनी महागाई भत्त्याचा आकडा जाहीर होतो आणि तो पेन्शनलाही लागू होतो. त्यामुळे पेन्शन म्हणजे वाढणारी रक्कम, अशी आपली समजूत झाली आहे. वसाहतीची पेन्शन अशी नव्हती. निवृत्तीच्या वेळच्या पगारावर ती एकदा ठरली की ठरली. वाढवायची तर त्या वसाहतीच्या विधिमंडळाने वाढवायची. श्रीमंत वसाहत वाढवायची, गरीब वाढवायची नाही. त्यामुळे एकाच दिवशी लंडनमध्ये निवड झालेल्या, सारखीच वर्षं राबलेल्या दोघांपैकी एकाची पेन्शन वाढलेली आणि दुसऱ्याची जिथल्या तिथे, असं व्हायचं. का, तर एकाची बदली योगायोगाने बऱ्या ठिकाणी झाली होती. स्वातंत्र्यानंतर तर नव्या सरकारकडे ‘परत गेलेल्या साहेबांची पेन्शन वाढवा’ म्हणायला कोण जाणार? आपल्या शिक्षकांना पगार द्यायला पैसे नसलेल्या अर्थमंत्र्याने ते करावं, अशी अपेक्षा कोणी करू नये.

या माणसांनी १९६० मध्ये लंडनमध्ये आपली संघटना काढली, ओव्हरसीज सर्व्हिस पेन्शनर्स असोसिएशन. मागणी साधी होती: ब्रिटनमधल्या निवृत्त सरकारी नोकराची पेन्शन ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात आमचीही वाढवा, वाढीचा फरक लंडनने द्यावा. ती टप्प्याटप्प्याने मान्य झाली. १९७१ च्या पेन्शन-वाढ कायद्याने ब्रिटनमधल्या सार्वजनिक सेवांच्या पेन्शनी नियमितपणे महागाईशी जोडल्या गेल्या आणि परदेशी सेवेतले पात्र निवृत्तही त्या छत्राखाली आले.

त्याची किंमत किती होती ते पुढच्याच वर्षांत दिसलं. १९७५ मध्ये ब्रिटनमधली महागाई २४ टक्क्यांच्या पुढे गेली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत तिथले भाव साधारण साडेतीन पट झाले. म्हणजे १९७० मध्ये वर्षाला ७०० पौंड घेणाऱ्या विधवेची रक्कम तशीच ठेवली असती तर दहा वर्षांनी तिच्यात पूर्वीच्या २०० पौंडांइतकंच आलं असतं. पेन्शन बंद करायला कायदा लागतो, आरडाओरड होते. ती गोठवून ठेवायला काहीच करावं लागत नाही.

हाँगकाँगमध्ये आधीच का लिहून घेतलं?

आफ्रिकेतल्या अनुभवानंतर शेवटची मोठी वसाहत सोडताना ब्रिटनने घाई केली नाही. १९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त घोषणापत्रातच पेन्शनचा उल्लेख आला. मग हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या कलम १०२ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की निवृत्त सरकारी नोकरांना, १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांनाही, पूर्वीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर पेन्शन दिली जाईल; त्यांचं नागरिकत्व कोणतं आणि ते राहतात कुठे हे पाहिलं जाणार नाही. ‘राहतात कुठे’ हे शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

चलनाचा प्रश्न तरीही उरत होता. हाँगकाँग डॉलर १९८३ पासून एका अमेरिकी डॉलरला ७.८० या भावाने बांधलेला आहे. पेन्शनर राहणार इंग्लंडमधल्या एखाद्या गावात, खर्च करणार पौंडांत. पौंड चढला की त्याची पेन्शन आपोआप घटणार. म्हणून ब्रिटनने राणीच्या परदेशी सेवेतल्या तिथल्या अधिकाऱ्यांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा केला: भरपाई तर होतीच, शिवाय पेन्शन पौंडातल्या ठरावीक पातळीखाली गेली तर पूरक रक्कम ब्रिटिश सरकार देणार. १९४८ पर्यंत भारताच्या डोक्यावर असलेला धोका, १९९६ मध्ये ज्याने माणूस नेमला त्याच्या डोक्यावर येऊन बसला. पन्नास वर्षं लागली, पण तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका ठिकाणी लिहिली गेली.

‘राज्य करून गेलेल्यांचा आपल्याला कळवळा कशाला?’

हा आक्षेप मराठी वाचकाने घेतला नाही तरच नवल. त्याला माझं उत्तर असं: कळवळा नको, पण तत्त्व हवं. नोकराने आपली बाजू पुरी केली असेल तर मालक बदलला, सरकार पडलं, झेंडा उतरला म्हणून त्याची मजुरी बुडू नये. हे तत्त्व साहेबाच्या बाबतीत नाकारलं तर तलाठ्याच्या बाबतीत कोणत्या तोंडाने मागणार? स्वतंत्र भारतानेही राज्यघटनेच्या कलम ३१४ मध्ये जुन्या आयसीएस अधिकाऱ्यांच्या सेवाशर्ती आणि पेन्शन यांची हमी लिहिली होती. ती १९७२ मध्ये अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने काढून टाकली गेली. संस्थानिकांचे तनखे आदल्या वर्षीच गेले होते. दोन्ही गोष्टी एकाच सपाट्यात केल्या गेल्या, पण त्या एका मापाच्या नव्हत्या. तनखा हा गादीचा होता, पेन्शन कामाची होती.

साहेबांच्या न्यायात मला जे खटकतं ते दुसरंच आहे. त्यांच्याच कचेऱ्यांत, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांना तो न्याय मिळाला नाही.

पूर्व आफ्रिकेतला सरकारी कारभार प्रत्यक्षात चालायचा तो भारतातून, विशेषतः गोव्यातून गेलेल्या कारकुनांच्या जिवावर. बार्देश-साष्टीतली मुलं मुंबईहून आगबोटीने मोंबासाला उतरायची आणि तिजोरी, कस्टम्स, पोस्ट, जिल्हा कचेरी सांभाळायची. नैरोबी आणि एंटेबेला त्यांचे क्लब होते, तियात्र होते. पण पगाराची कोष्टकं वंशाप्रमाणे तीन. १९४८ च्या होम्स आयोगाने तर प्रमाणच घालून दिलं: तेच काम करणाऱ्या बिगर-युरोपीय माणसाला युरोपीय पगाराच्या तीन-पंचमांश. १९५४ मध्ये लिडबरी आयोगाने वंशाची कोष्टकं मोडीत काढायला सांगितलं, तोवर कित्येकांची बहुतेक सेवा होऊन गेली होती. पेन्शन पगारावर ठरते, म्हणजे तीच कात्री म्हातारपणीही लागू.

स्वातंत्र्य आलं तेव्हा भरपाई आणि लंडनची हमी मिळाली ती ‘राणीच्या परदेशी सेवेतले’ म्हणून यादीत असणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः लंडनने निवडून पाठवलेल्यांना. जागेवर भरती झालेले गोवेकर, गुजराती, पंजाबी कारकून बहुतेक त्या यादीबाहेर राहिले. तेही समुद्र ओलांडूनच आले होते, नवं सरकार आपल्या माणसांना घेणार म्हणून त्यांचीही कारकीर्द मध्येच तुटत होती. पण लंडनच्या हिशेबी ते ‘स्थानिक’ होते, आणि नव्या सरकारांच्या हिशेबी परके. ‘परदेशी अधिकाऱ्यांना न्याय मिळाला’ या वाक्यात ही माणसं धरलेली नाहीत, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

‘पण ब्रिटनमध्ये पेन्शन गोठवतात ना अजून?’

गोठवतात, पण ती वेगळी पेन्शन, आणि इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते. नोकरीतून मिळते ती मालकाची पेन्शन. आतापर्यंत बोललो ती ही. दुसरी ‘स्टेट पेन्शन’. ब्रिटनमध्ये काम करणारा कोणीही राष्ट्रीय विम्याचा हप्ता भरतो, आणि त्या जोरावर त्याला म्हातारपणी सरकार ती देतं. नोकरीची सार्वजनिक पेन्शन तुम्ही जगात कुठेही राहा, वाढत राहते. स्टेट पेन्शन मात्र ब्रिटनबाहेर काहीच देशांत वाढते. युरोपीय देश, अमेरिका, फिलिपिन्स, जमैका अशा ठिकाणी वाढ मिळते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे नाही. ज्या आकड्यावर सुरू झाली किंवा देश सोडताना जो आकडा होता, त्यावर ती मरेपर्यंत थांबते. साडेचार लाखांहून जास्त लोक या कचाट्यात आहेत.

दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनी याविरुद्ध ब्रिटनच्या सर्वोच्च पायरीपर्यंत खटला नेला आणि २००५ मध्ये त्या हरल्या. २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानेही ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: राष्ट्रीय विम्याचे हप्ते फक्त पेन्शनसाठी नसतात, ते एकूण समाजकल्याणाच्या खर्चात जातात, ती व्यवस्था मुळात ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, बाहेर गेलेला माणूस आणि आत राहिलेला माणूस यांची तुलनाच होत नाही. ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद याहून साधा आहे, तो म्हणजे पैसे नाहीत. मला कायद्याचा मुद्दा समजतो, पण पटत नाही, कारण मग अमेरिकेत राहणाऱ्याची वाढ का होते? तर तिच्याशी जुना परस्पर करार आहे म्हणून. म्हणजे पुन्हा बदली कुठे झाली यावर पेन्शन ठरण्यासारखंच झालं.

आता तो पुण्याचा डॉक्टर. समजा त्याने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत तीस वर्षं काढली आणि २०१० मध्ये निवृत्त होऊन कोथरूडला परतला. त्याच्या खात्यात दोन पेन्शनी येतात. आरोग्य सेवेची पेन्शन १९७१ च्या त्याच पेन्शन-वाढ कायद्याखाली येते, म्हणून ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढत आली आहे. स्टेट पेन्शन पूर्ण दराने सुरू झाली तेव्हा आठवड्याला ९७.६५ पौंड होती, आणि आजही ९७.६५ पौंडच आहे. त्याच्याच वॉर्डात काम करून लीड्सला राहिलेल्या सहकाऱ्याला २०२५-२६ मध्ये तीच मूळ पेन्शन आठवड्याला १७६.४५ पौंड मिळत होती. हप्ते दोघांचे सारखे.

यात एक सवलत आहे. असा पेन्शनर मुलांकडे लंडनला गेला आणि तिथल्या कार्यालयाला तसं कळवलं, तर ब्रिटनच्या भूमीवर असेल तितके आठवडे त्याला वाढलेल्या दराने पैसे मिळतात. मुंबईचं परतीचं विमान पकडलं की आकडा पुन्हा ९७.६५ वर येतो.